काज

पहिलं माप मी घेतलं, डॉक्टरने नाही.
सिरोंकोच्या बाजारात, पत्र्याच्या वळचणीला
माझं मशीन असतं. गळ्यात टेप.
तिसऱ्या आठवड्यातला ताप उतरला
आणि टोपडं दाटायला लागलं.
कापड आटलं असेल, म्हटलं. दुसरं शिवलं.
तेही दाटलं.

मग चौकटीवर खडूने लिहीत गेले:
सतरा इंच. साडेअठरा. वीस.
कुणी विचारलं तर सांगायचं,
शाळेच्या गणवेशाची कंबर आहे.

जी टाळू हळूहळू भरून यायची
ती फुगून आली. बोट ठेवलं की
खाली कुणीतरी चालतंय असं वाटे.
डोळे सारखे खाली, पापणीत अर्धे बुडलेले,
पश्चिमेच्या सपाटीवर सूर्य टेकतो तसे.

सासऱ्यांनी कोंबडी बोलली. शेजारणीने पाला आणला
आणि जाताना दारातून म्हणाली,
हे नदीचं आहे, नदीला परत द्या.
तिच्या गोमेसीचं कापड
मी न शिवता तिला परत दिलं.

म्बालेच्या इस्पितळात
बाकावरच्या प्रत्येक आईच्या मांडीवर
तसलंच डोकं. कुणी वळून बघेना.
चार महिन्यांत पहिल्यांदा
मी वाब्वीरेवरची चादर काढली.

डॉक्टर ओदेकेंनी काळ्या पडद्यावर दाखवलं:
हे सगळं पाणी.
आणि कडेची ही पट्टी, तो मेंदू.
शिवणीत दाब सोडते मी, तेवढीच.
पाणी डोक्यावरून गेलं तर माणूस हात टेकतो.
डोक्यातच राहिलं तर
कुठे टेकायचे?

नळी घालता येते, ते म्हणाले, डोक्यातून पोटात.
पण ती तुंबते, आणि तुंबली
की त्याच दिवशी इथे पोचावं लागतं.
पावसाळ्यात तुमचा रस्ता किती तासांचा?
पूल वाहून जातो, एवढंच मी सांगितलं.

मग बारीक दुर्बीण आत नेऊ.
तळाशी पातळ पडदा आहे, त्याला छिद्र पाडू,
पाणी आपली वाट धरेल.
जिथून ते झरतं ती झालर थोडी जाळू.

"काज," मी म्हटलं.
त्यांना कळेना. मी बाहीचं दाखवलं.
"हो, काज. बटण नसलेलं."
"मग काठ कोण बांधणार?"
ते थांबले. "काहींचं बुजतं.
सहा महिन्यांत कळतं.
आणि जे पातळ झालंय ते किती भरेल,
मला सांगता येत नाही."
इतकं खरं मी गिऱ्हाइकांशी बोलले असते
तर मशीन कधीच विकावं लागलं असतं.

त्याला आत नेलं.
बाकावर बसून मी माझ्याच किटेंगेची शिवण
उसवली, घातली. उसवली.

डोकं लहान झालं नाही. होत नाही ते.
आता अंगाने डोक्याला गाठायचं, नर्स म्हणाली,
जसं सोमवार मंगळवारला गाठतो म्हणावं तसं सहज.
टाळू मात्र खाली बसली,
पिठात अंगठा रुतावा तशी.
आणि आठव्या दिवशी त्याने डोळे उचलले.
माझ्याकडे नाही.
गळ्यातल्या पिवळ्या टेपकडे.

दर पंधरा दिवसांनी मोजते. चौकटीवर
तेवीस. तेवीस. पुन्हा तेवीस.
कुणी विचारलं तर आता सांगते, वाब्वीरेचं डोकं.
त्याच्या झबल्यांना गळा पुरत नाही,
म्हणून खांद्यावर उघडी ठेवते,
दोन्हीकडे दोन काजं, काठ घट्ट बांधलेले.

काल पाव इंच जास्त भरलं.
टेप घामाने ओली असेल. वाळत घातली.
आज सकाळी पुन्हा लावायला बसले
तर तिचं एक टोक त्याच्या मुठीत,
तोंडात घालून चोखतोय,
सोडत नाही.